दोन तलवारी आणि लंडनमधील तेरा वर्षे

(सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडील कुटुंबे महाबळेश्वरास जातात. मुलांच्या हाती मक्याची कणसे, मोठ्यांच्या हाती चण्याच्या पुड्या आणि एकामागून एक ‘पॉइंट’ पाहण्याची घाई. एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, कार्नॅक पॉइंट, फॉकलंड पॉइंट! वस्तीचे जुने नाव माल्कम पेठ. दरीत डोकावताना ही नावे ओठांवर येतात आणि वाऱ्यावर विरून जातात. ही माणसे कोण, असे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर ‘इंग्रज साहेब’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते.

वास्तविक या नावांत एक संपूर्ण खटला दडलेला आहे. एल्फिन्स्टनने साताऱ्याचे राज्य छत्रपतींना दिले. लॉडविक साताऱ्याचा रेसिडेंट होता. छत्रपतींविरुद्धच्या चौकशीत तो बसला आणि पुढे छत्रपतींच्याच बाजूने बोलला. कार्नॅकने छत्रपतींना पदच्युत केले. फॉकलंड गव्हर्नर असताना ते राज्य खालसा झाले. आणि ज्या डोंगरावर या सर्वांची नावे चढली, तो डोंगर मुळात साताऱ्याच्या छत्रपतींचा. १८२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम याने खंडाळा गावाच्या मोबदल्यात तो प्रतापसिंह महाराजांकडून मागून घेतला. सह्याद्रीचा एक कडा, आणि त्यावर देणारे, घेणारे, हळहळणारे असे सगळे एका रांगेत!

इंग्रजांना आपला इतिहास व्यक्तींच्या रूपाने सांगण्याची फार हौस. मे १८४० मध्ये थॉमस कार्लाइल याने लंडनमध्ये थोर पुरुषांवर सहा व्याख्याने दिली. जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांच्या चरित्रांचा इतिहास, हे त्याचे प्रतिपादन. पुढे १८५६ मध्ये केवळ राष्ट्रपुरुषांच्या व्यक्तिचित्रांसाठी लंडनमध्ये स्वतंत्र संग्रहालय स्थापन झाले. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढ्यांनीही हाच चष्मा डोळ्यांवर चढवला. एल्फिन्स्टन उदार, डलहौसी दुष्ट, अशा दोन रकान्यांत आपले शालेय इतिहासज्ञान संपते.

कार्लाइलची व्याख्याने झाली त्याच १८४० साली साताऱ्याचा एक वकील लंडनमध्ये दाखल झाला. रंगो बापूजी गुप्ते हे त्यांचे नाव. साताऱ्याजवळच्या कारी गावचे. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांचे वंशज म्हणून हे घराणे ओळखले जाते. इंग्लंडचे राज्य नेमके कोण चालवते, थोर माणसे की त्यांच्या पाठीमागची यंत्रणा, हा प्रश्न कार्लाइलने व्यासपीठावरून हाताळला. रंगो बापूजींनी तो तेरा वर्षे दारोदार फिरून अनुभवला. त्यांचा अनुभव समजून घ्यायचा, तर आधी थोडे मागे जावे लागते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि पेशव्यांच्या छावणीत असलेले पंचवीस वर्षांचे प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या ताब्यात आले. एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. पेशवाई संपली, मात्र छत्रपतींसाठी एक राज्य राखले जाईल, असे त्यात होते. यात उदारपणा नव्हता असे नाही. पण हिशेब त्याहून मोठा होता. छत्रपती गादीवर दिसले म्हणजे मराठा सरदारांच्या मनातील पेशव्यांविषयीची ओढ कमी होईल, हे त्या चतुर माणसाने ओळखले होते. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. महाराज, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना हे राज्य कायमचे दिल्याचे त्यात लिहिले होते. ‘वारस आणि उत्तराधिकारी’ या दोन शब्दांवर पुढे तीस वर्षांनी दोन खंडांत वाद माजला.

राज्याची घडी बसवण्यासाठी आला तो कॅप्टन जेम्स ग्रँट डफ. स्कॉटलंडच्या बॅन्फ गावचा, वय अवघे एकोणतीस. १८२२ मध्ये महाराजांच्या हाती पूर्ण कारभार जाईपर्यंत साताऱ्याचे राज्य प्रत्यक्षात हाच चालवीत होता. दिवसभर महसूल आणि तंटेबखेडे, रात्री मराठ्यांची जुनी कागदपत्रे. महाराजांनी दप्तर खुले केले, सरदार घराण्यांनी कागद दिले आणि त्यातून १८२६ मध्ये त्याचा तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास लंडनला छापला गेला. लेखकाला त्यात तोटाच झाला. परंतु पुढची चाळीस वर्षे मराठ्यांनी स्वतःकडे पाहिले ते या परक्या माणसाच्या डोळ्यांनी. हे त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप आहे, आणि आपल्या उणिवेचेही. त्याला पहिले सडेतोड उत्तर दिले नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी, १८६७ मध्ये, विद्यार्थिदशेत. त्यानंतर मात्र उत्तरे याच परिसरातून उठली. वाईत सापडलेल्या दप्तरांवरून राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. साताऱ्यात दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ‘इतिहाससंग्रह’ चालवला. एका रेसिडेंटाच्या ग्रंथाला उत्तर देण्यासाठी तीन गावांतल्या माणसांची हयात खर्ची पडली.

प्रतापसिंह महाराज कसे राजे होते? या बाबतीत इंग्रजांचे जुने कागदच त्यांचे साक्षीदार आहेत. शहराला पाणी आणले, महाबळेश्वरपर्यंत रस्ता केला, छापखाना घातला, संस्कृत, मराठी आणि इंग्रजी शिकवणारी शाळा काढली. स्वतः पहाटेपासून कामाला बसणारा, रोजनिशी ठेवणारा हा राजा होता. कंपनीचे संचालक मंडळ एवढे प्रसन्न झाले की डिसेंबर १८३५ मध्ये त्याने महाराजांच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र आणि सन्मानाची एक तलवार लंडनहून धाडली.

ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही. मुंबई सरकारने ती आपल्याकडेच अडकवून ठेवली.

इथे सांगलीकडे वळले पाहिजे. कारण दुसरी तलवार सांगलीची आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये निर्माण झाला तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते, सांगली हे नाव १९६० मध्ये आले, हे नव्या पिढीला सांगावे लागते. जतसारखी जहागीर छत्रपतींच्या छत्राखाली होती. सांगली मात्र पटवर्धनांची. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी मिरजेहून वेगळे होऊन कृष्णाकाठी सांगली वसवली, गणपतीचे देऊळ बांधले. त्यांच्याच आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. हे चिंतामणराव बाणेदार होते. इंग्रजांच्या नोकरीत फौज घेऊन उभे राहण्यापेक्षा त्यांनी १८१९ मध्ये वर्षाला एक लाख पस्तीस हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पुढे त्यांनी कंपनीशी सख्य राखले, आणि १८४६ मध्ये कंपनीने त्यांच्या निष्ठेबद्दल त्यांना तलवार नजर केली. ही तलवार मात्र सांगलीला पोहोचली.

दोन शेजारी, दोन तलवारी. एक वाटेतच अडवली गेली, दुसरी दरबारात मिरवली. हे नुसते दैव म्हणून सोडून देता येत नाही. प्रतापसिंह महाराज आणि चिंतामणराव यांच्यात वितुष्ट होते. वेदोक्ताच्या आणि प्रभू ज्ञातीच्या धार्मिक अधिकारांच्या वादात छत्रपती एका बाजूला होते, तर सांगलीकर आणि पुण्याचे बाळाजीपंत नातू दुसऱ्या बाजूला. मंत्र कोणी कसे म्हणावेत, यावर साताऱ्यात पंडितांच्या सभा भरत होत्या, सरदार पक्ष बांधत होते. आणि रेसिडेन्सीत बसलेला गोरा अधिकारी कोण कोणाविरुद्ध बोलतो याची शांतपणे टिपणे घेत होता. घरातील भांडण साहेबाच्या कचेरीत नेऊन निवाडा मागायचा, ही खोड आपल्याला त्या काळी जडली. साताऱ्याविरुद्ध पुढे जे पुरावे उभे राहिले, त्यांतील पुष्कळसा माल आपल्याच माणसांनी पुरवला, हे लपवण्यात अर्थ नाही.

कंपनीशी तंटा लागला तो जहागिरींवरून. अक्कलकोट, फलटण, जत, औंध, भोर यांच्यावर तहान्वये आपला अधिकार आहे, असे महाराजांचे म्हणणे. संचालक मंडळाने लंडनमध्ये ते मान्यही केले. पण तो निर्णय महाराजांना कळवण्यातच आला नाही. गव्हर्नर होता सर रॉबर्ट ग्रँट. हा माणूस मोठा विलक्षण. इंग्लंडमध्ये असताना ज्यूंना नागरी हक्क मिळावेत म्हणून त्याने पार्लमेंटमध्ये वारंवार विधेयके मांडली. भक्तिगीतांचा कवी म्हणून ख्रिस्ती जग त्याला आजही ओळखते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला त्याचेच नाव आहे. स्वदेशात न्यायासाठी झगडणारा हा धर्मभीरू गृहस्थ साताऱ्याच्या बाबतीत मात्र एका राजाचे रास्त म्हणणे ऐकून घ्यायला तयार नव्हता. व्यक्तीच्या थोरवीवर विसंबणाऱ्यांनी रॉबर्ट ग्रँटचे चरित्र जरूर वाचावे. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या चांगुलपणाची हद्द कुठे संपते, हे त्याच्या खुर्चीने ठरवले होते.

१८३६ मध्ये आरोप आला. कंपनीच्या २३ व्या पलटणीतील दोन सुभेदारांना महाराजांनी फितवू पाहिले, असा तो आरोप होता. लॉडविक, ओव्हान्स आणि विलोबी या तिघांची चौकशी समिती बसली. महाराजांना पुराव्यांच्या नकला मिळाल्या नाहीत, बचावाची नीट संधी मिळाली नाही. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले. दिवाण गोविंदराव यांच्या मातोश्रींच्या नावाने आलेला एक महत्त्वाचा अर्ज दुसऱ्याच इसमाने लिहिला होता, हे नंतर उघड झाले. लॉडविकला दूर सारून रेसिडेंट म्हणून कर्नल ओव्हान्स आला. रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये वारला आणि त्याच्या जागी सर जेम्स रिव्हेट कार्नॅक आला. माणसे बदलली, पण फाइल बंद झाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. त्याने महाराजांपुढे एक कागद ठेवला. तहाचा भंग झाला हे कबूल करा, सही करा, म्हणजे मागचे सर्व विसरले जाईल आणि राज्य राहील. केवळ एक सही! आजच्या व्यवहारी जगात अनेक शहाणे असा सल्ला देतील की सही करून टाकावी, वेळ मारून न्यावी. महाराजांनी नकार दिला. जे केले नाही ते केले म्हणून कबूल करून राज्य राखायचे नाही, ही त्यांची भूमिका. ४ सप्टेंबरच्या रात्री ओव्हान्स फौज घेऊन वाड्यात शिरला आणि दिवस उजाडण्यापूर्वी छत्रपतींना पालखीत घालून लिंब गावी नेण्यात आले. तेथून वर्षअखेरीस काशी. त्यांचे सेनापती बाळासाहेब यांनी काशीच्या वाटेवरच प्राण सोडला. गादीवर महाराजांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आले. मुंबईतील ज्या पुलाला या कार्नॅकचे नाव होते, तो पाडून नव्याने बांधण्यात आला आणि १० जुलै २०२५ रोजी ‘सिंदूर पूल’ या नावाने खुला झाला. महाबळेश्वरचा कडा अजून त्याच्या नावावर आहे.

आता लंडन. रंगो बापूजींनी तिथे काय पाहिले? लेडनहॉल रस्त्यावरील इंडिया हाउस ही कंपनीची कचेरी. वर चोवीस संचालकांचे मंडळ, त्याच्यावर सरकारचे नियंत्रण मंडळ, आणि खाली भागधारकांची सभा. या सभेचा नियम मोठा बोलका आहे. पाचशे पौंडांचे भाग असतील तर सभेत बोलता येई, पण मत नाही. हजार पौंडांना एक मत, तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन आणि दहा हजारांना चार. साताऱ्याच्या छत्रपतींचा न्याय या तराजूत तोलला जायचा होता.

आणि तरीही त्या सभेत बोलता येत होते! हे रंगो बापूजींना प्रथम अचंबित करणारे वाटले असले पाहिजे. मुंबईत ज्या विषयावर हूं की चूं करण्याची सोय नव्हती, त्यावर कंपनीच्या स्वतःच्या घरात, कंपनीचेच भागधारक कंपनीला खडसावीत होते. ते भाषण दुसऱ्या दिवशी छापून येत होते. रंगो बापूजी इंग्रजी शिकले, कागदपत्रे जमवली, निवेदने छापून वाटली, पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरठे झिजवले. हळूहळू त्यांच्याभोवती माणसे जमली.

त्यांतले पहिले जोसेफ ह्यूम. यांची गोष्ट कादंबरीत शोभावी अशी आहे. तरुणपणी हे कंपनीचे शल्यवैद्य म्हणून हिंदुस्थानात आले. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धाच्या तोंडावर कंपनीच्या दारूगोळ्याची बारूद ओल लागून नासली होती. रसायनशास्त्राच्या ज्ञानाने ह्यूम यांनी ती पुन्हा वापरण्याजोगी करून दिली. सुमारे चाळीस हजार पौंडांची माया जमवून ते स्वदेशी परतले आणि पार्लमेंटमध्ये सरकारी उधळपट्टीचे कर्दनकाळ बनले. मराठ्यांवर डागायची बारूद वाळवणारे हेच हात पुढे मराठ्यांच्या छत्रपतींसाठी पार्लमेंटमध्ये उठले. दुसरे जॉर्ज थॉम्सन, गुलामगिरीविरोधी चळवळीतील गाजलेले वक्ते. द्वारकानाथ टागोरांबरोबर ते कलकत्त्यासही येऊन गेले होते. तिसरे जनरल जॉन ब्रिग्ज, फिरिश्त्याच्या ग्रंथाचे भाषांतरकार. ग्रँट डफनंतर साताऱ्याचे रेसिडेंट तेच होते, तेव्हा महाराजांना ते ओळखून होते. आणि चौथा खुद्द लॉडविक! महाबळेश्वरचा डोंगर १८२४ मध्ये चढणारा पहिला युरोपीय म्हणून ज्याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने तिथे स्तंभ उभारला, तो लॉडविक. चौकशी समितीवर बसलेल्या या माणसाने पुढे इंडिया हाउसमध्ये महाराज निर्दोष असल्याचे जाहीरपणे सांगितले. एखाद्याला उशिरा का होईना सत्य बोलावेसे वाटते, ही गोष्ट लहान नाही. मात्र ते तो १८३६ मध्ये ठामपणे बोलला असता तर? या प्रश्नाला इतिहासात जागा नसते, तरी तो मनातून जात नाही.

सभा होत. तासन्‌तास भाषणे होत. युक्तिवादात रंगो बापूजींचे मित्र सरस ठरत, आणि मतदानात हरत. ज्यांच्या हाती भाग होते त्यांना लाभांशाची काळजी होती, आणि मुंबई सरकारला खोटे ठरवणे म्हणजे सगळ्या इमारतीची वीट काढण्यासारखे होते. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराजांनी काशीतच देह ठेवला. त्यांचा वकील तेव्हा लंडनमध्येच होता.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यात शहाजीराजेही वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी शास्त्रोक्त दत्तक घेतला होता. आता ‘वारस आणि उत्तराधिकारी’ यांचा अर्थ लावायचा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी जानेवारीत कलकत्त्यास उतरला होता, वय छत्तीस. साताऱ्यात त्याने पाऊल ठेवले नव्हते. ३० ऑगस्ट १८४८ रोजी त्याने निर्णय लिहिला: दत्तक नामंजूर, राज्य खालसा.

आपल्याकडे सगळा दोष डलहौसीच्या माथी मारण्याची पद्धत आहे. तो निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. पण कागद वेगळीच हकिकत सांगतात. डलहौसीच्या आधी मुंबईच्या कौन्सिलात विलोबीने खालशाच्या बाजूने सविस्तर टिपण लिहिले होते. हा विलोबी म्हणजे १८३६ च्या समितीवरचाच. दत्तकाला मान्यता ही सवलत आहे, हक्क नव्हे, असे संचालक मंडळाने १८३४ मध्येच ठरवले होते, आणि १८४१ मध्ये रास्त मार्गाने येणारा मुलूख सोडू नये असा आदेश दिला होता. अलिबागेस आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये गेले, तेव्हा डलहौसीचे नावही कोणी ऐकले नव्हते. साताऱ्याच्याच वर्षी पटवर्धनांच्या तासगावची पातीही वारसाअभावी कंपनीने गिळली. यंत्र आधीपासून फिरत होते. डलहौसीने त्याचा वेग वाढवला.

याच्या उलट बाजूला कोण होते, तेही पाहावे. मुंबईचा मावळता गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने तहाचा शब्द पाळावा, दत्तक मानावा, असे स्पष्ट लिहिले होते. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर याचे मत दत्तकाच्या बाजूचे होते. लंडनच्या संचालक मंडळात टकर यांच्यासह पाच जणांनी विरोधी मत नोंदवले. निवृत्त होऊन इंग्लंडच्या खेड्यात पुस्तके वाचत बसलेल्या वृद्ध एल्फिन्स्टनला ही बातमी ऐकून जबर धक्का बसला, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. म्हणजे राज्य देणारा, राज्याच्या दारात बसलेला आणि प्रांताचा प्रमुख, तिघांचेही मत एक! तरी १८४९ च्या प्रारंभी संचालक मंडळाच्या बहुमताने शिक्का मारला. क्लार्क प्रकृतीच्या कारणाने निघून गेला होता, त्याच्या जागी फॉकलंड आला होता. फ्रिअरने मत नोंदवले, आणि ते फेटाळले गेल्यावर त्याच साताऱ्याचा कमिशनर म्हणून कारभार हाती घेतला. त्याचे वैयक्तिक मत त्याच्या कामाच्या आड आले नाही.

इंग्रजांच्या राज्याचे मर्म कदाचित याच एका गोष्टीत असावे. तिथे भला माणूस मोकळेपणी बोलतो, त्याचे बोलणे छापले जाते, जपून ठेवले जाते. आणि निर्णय झाल्यावर तोच माणूस शिस्तीत पुढच्या कामाला लागतो. कार्नॅक गेला तरी काम थांबत नाही, क्लार्क विरोधात गेला तरी थांबत नाही. साताऱ्याकडे याच्या तोडीचे काय होते? एक करारी राजा आणि एक चिवट वकील. राजा काशीत गेला तेव्हा साताऱ्याच्या पाठीशी उभी राहणारी दुसरी फळी नव्हती. ज्या सरदारांनी एकमुखाने उभे राहायचे, ते मानापानात आणि वेदोक्तात गुंतले होते. सांगलीच्या दरबारातून साताऱ्यासाठी एक खलिताही लंडनला गेला नाही. नवी तलवार ज्या वर्षी आली, त्या वर्षी सांगलीकरांना काशीतील कैद्याची आठवण झाली असेल का?

तरी चिंतामणरावांवर एकांगी ठपका ठेवणेही न्यायाचे होणार नाही. त्यांनी आपले संस्थान राखले, कलांना आश्रय दिला, आणि १८५१ मध्ये ते वारले तेव्हा सांगली शाबूत होती. पुढचा योगायोग पाहण्यासारखा आहे. १८५७ च्या वणव्यानंतर इंग्रजांनी खालशाचे धोरण गुंडाळले आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. सांगलीचे धुंडिराव तात्यासाहेब १९०१ मध्ये औरस पुत्राविना वारले, तेव्हा संस्थान खालसा झाले नाही. पटवर्धन घराण्यातील एका मुलाची निवड होऊन १९०३ मध्ये तो दुसरे चिंतामणराव म्हणून गादीवर बसला. जे साताऱ्याला नाकारले, ते सांगलीला मिळाले. ते मिळवून देण्यात गेंडामाळावर सांडलेल्या रक्ताचा वाटा आहे. हेच दुसरे चिंतामणराव १९३० मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. नव्वद वर्षांपूर्वी त्याच शहरात साताऱ्याचा वकील उभ्याने ताटकळत होता.

रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस कर्जाने बेजार होऊन लंडनहून निघाले. त्या वर्षी कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटपुढे होता, जॉन ब्राइट यांच्यासारखे नेते हिंदुस्थानातील अन्यायांवर बोलत होते; साताऱ्याचा खटला कंपनीविरुद्धच्या आरोपपत्रातील एक कलम झाला होता. खटला हरला होता, पण इंग्लंडमध्ये तो पुष्कळांना तोंडपाठ झाला होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ या ग्रंथात ही सारी कहाणी आवेशाने सांगितली आहे. ती साताऱ्याच्या प्रत्येक घरात असावी.

मायदेशी परतलेल्या या वृद्धाने अर्ज लिहिणे सोडून दिले. सातारा, कोल्हापूर, बेळगाव अशा टापूत त्यांची माणसे फिरू लागली. १८५७ च्या उन्हाळ्यात बेत फुटला. धरपकड सुरू झाली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड देण्यात आला. कोणी फाशी गेले, कोणी तोफेच्या तोंडी, कोणी गोळीने. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

ज्यांची निवेदने लंडनमध्ये पार्लमेंटचे सभासद वाचत असत, त्या रंगो बापूजींना पकडून देणाऱ्यासाठी साताऱ्यात इनाम जाहीर झाले. ते इनाम कोणालाही मिळाले नाही. रंगो बापूजी कुठे गेले, हे इंग्रज सरकारला अखेरपर्यंत कळले नाही.